कॉन्फरन्स बदलते मोठ्यांची, बिल येतं लहानांना

जुलै-ऑगस्टमध्ये घोडबंदर रोडवरच्या, कोपरीतल्या, खारघरमधल्या बऱ्याच घरांत एक पीडीएफ उघडली जाते. एमएसला निघालेल्या मुलाचं किंवा मुलीचं अमेरिकेतल्या विद्यापीठाचं पहिलं बिल. ट्यूशन, आरोग्य विमा, टेक्नॉलॉजी फी, आणि मध्येच कुठेतरी ‘ॲथलेटिक्स फी’. जिमची फी खालच्या ओळीत वेगळी लावलेली असतेच, मग ही कसली? अनेक मध्यम विद्यापीठांत या ओळीचं उत्तर फुटबॉल संघाच्या हिशेबात सापडतं. तो हिशेब गेल्या काही वर्षांत ज्या उलथापालथीमुळे बिघडला, तिला तिकडे कॉन्फरन्स रिअलाइनमेंट म्हणतात.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचे सामने झाले, तो खेळ वेगळा. हा बहुतेक शनिवारी खेळला जातो, एका संघात शंभरावर पोरं असतात, आणि मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची आसनक्षमता १,०७,६०१ आहे. एनसीएए ही महाविद्यालयीन खेळ चालवणारी संघटना सगळ्यात वरच्या पातळीला डिव्हिजन वन म्हणते. त्यात फुटबॉलचे दोन मजले: वरचा एफबीएस, तिथे १३० हून जास्त विद्यापीठं, आणि खालचा एफसीएस, तिथेही जवळपास तितकीच. दोन्ही मजल्यांवर विद्यापीठं कॉन्फरन्स नावाच्या गटांत बांधलेली असतात. कॉन्फरन्स तीन कामं करते: आपसातले सामने ठरवते, टीव्हीचे हक्क एकगठ्ठा विकते आणि आलेला पैसा सदस्यांत वाटते. बातम्यांत पहिलं काम दिसतं. भांडणं उरलेल्या दोन कामांवरून होतात.

१९८४ पर्यंत टीव्हीचे हक्क एनसीएए स्वतः विकायची आणि एक संघ दोन वर्षांत सहाच वेळा टीव्हीवर दिसेल असली बंधनं घालायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी याविरुद्ध दावा लावला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी बायरन व्हाइट हे स्वतः व्यावसायिक फुटबॉल खेळलेले न्यायाधीश होते. महाविद्यालयीन खेळाचा धंदा होईल, ही त्यांची धास्ती होती. निकालानंतर प्रत्येक कॉन्फरन्स आपापला माल विकायला मोकळी झाली, आणि ज्याचा माल खपतो त्यानं न खपणाऱ्यांना बरोबर का घ्यायचं, हा प्रश्न तेव्हापासून सुरू झाला. १९९६ मध्ये साउथवेस्ट कॉन्फरन्स मोडली तेव्हा टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर नव्या बिग १२ मध्ये गेले. राइस, एसएमयू, टीसीयू आणि ह्यूस्टन मागे राहिले. टीसीयूला पुन्हा वरच्या पंगतीत बसायला २०१२ उजाडलं, ह्यूस्टनला २०२३.

बाहेर पडणं फुकट नसतं. त्यावर तीन कुलपं असतात. पहिलं एक्झिट फी. दुसरं नोटिशीची मुदत. मुदत पाळली नाही तर फी वाढते, काही ठिकाणी दुप्पट होते. अमेरिकेत या सगळ्याचं वर्ष १ जुलैला पालटतं, म्हणून दर वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात बातम्यांचा पाऊस पडतो. टेक्सास स्टेटनं सन बेल्ट ही कॉन्फरन्स सोडायचा निर्णय ३० जून २०२५ ला जाहीर केला, कारण दुसऱ्या दिवसापासून फी ५० लाख डॉलरवरून १ कोटी होणार होती. तिसरं कुलूप सगळ्यात मजबूत: ग्रँट ऑफ राइट्स. यात विद्यापीठ आपल्या मैदानावरच्या सामन्यांचे टीव्ही हक्क ठरावीक वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावे करून देतं. कॉन्फरन्स सोडली तरी हक्क मागेच राहतात, आणि हक्काविना आलेला पाहुणा नव्या घरी कोणाला हवा असतो? फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन याच कुलपासाठी आपल्या कॉन्फरन्सशी, म्हणजे एसीसीशी, कोर्टात भांडले. मार्च २०२५ मध्ये समझोता झाला: सोडण्याची किंमत दर वर्षी उतरत २०३०-३१ पर्यंत ७.५ कोटी डॉलरवर येईल, आणि तोवर टीव्हीच्या पैशाचा मोठा भाग ज्याचे सामने जास्त पाहिले जातात त्याला मिळेल. म्हणजे कॉन्फरन्सच्या आतच मोठे आणि लहान अशी वाटणी झाली. याकडे फार कोणी लक्ष दिलं नाही, पण पुढच्या दहा वर्षांची दिशा यात दिसते असं आमचं मत.

आता साखळी बघा. जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी बिग १२ सोडून एसईसी या कॉन्फरन्समध्ये जायचं ठरवलं. बिग १२ नं सप्टेंबरातच बीवाययू, सिनसिनाटी, ह्यूस्टन आणि सेंट्रल फ्लोरिडा यांना बोलावलं. यातले शेवटचे तिघे अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्समधले. लवकर सुटण्यासाठी त्यांनी प्रत्येकी १ कोटी ८० लाख डॉलर मोजले. अमेरिकननं खड्डा भरायला कॉन्फरन्स यूएसएमधून सहा विद्यापीठं उचलली: शार्लट, राइस, नॉर्थ टेक्सास, यूटीएसए, यूएबी आणि फ्लोरिडा अटलांटिक. त्याच सुमारास सन बेल्टनं तिथूनच मार्शल, ओल्ड डोमिनियन आणि सदर्न मिसिसिपी नेले. चौदांपैकी नऊ गेले, पाच उरले. उरलेल्यांनी लिबर्टी आणि न्यू मेक्सिको स्टेट यांना घेतलं, आणि खालच्या मजल्यावरून जॅक्सनव्हिल स्टेट, सॅम ह्यूस्टन व केनेसॉ स्टेट यांना वर ओढलं. केनेसॉ स्टेटनं फुटबॉल सुरूच केलं होतं २०१५ मध्ये. तिकडे एफसीएसमध्ये स्पर्धेचा थेट प्रवेश टिकवायला कॉन्फरन्सकडे सहा संघ लागतात. ॲटलांटिक सन आणि वेस्टर्न ॲथलेटिक या दोघांकडे ते जमेनात, म्हणून २०२३ पासून त्यांनी फुटबॉलपुरती एकत्र चूल मांडली. दोन श्रीमंत विद्यापीठांनी घर बदललं आणि वीसेक विद्यापीठांचा पत्ता बदलला.

वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट घडते. जो वर जातो त्याचं उत्पन्न वाढतं, पण खर्चही तितक्याच वेगानं वाढतो. जो मागे राहतो त्याचा खर्च तोच राहतो, उत्पन्न घटतं, आणि त्याच्या कॉन्फरन्सचा पुढचा टीव्ही करार कमी पैशाचा होतो.

पॅक-१२ चं काय झालं

ठाण्यात पुनर्विकास पाहिलेल्याला हे चटकन कळेल. एका लेआउटमध्ये बारा सोसायट्या एकत्र बिल्डरकडे जायचं ठरवतात. रस्त्यालगतच्या दोन सोसायट्या गुपचूप मोठ्या बिल्डरकडे जातात, त्यांच्या मागे आणखी सरकतात, आणि शेवटी आतल्या बाजूला ज्या उरतात त्यांचं क्षेत्रफळ योजनेच्या किमान अटीत बसत नाही. पॅक-१२ या पश्चिमेकडच्या कॉन्फरन्समध्ये आतल्या बाजूला दोन उरल्या: ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

क्रम असा. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेन ही कॉन्फरन्स गाठायचं जाहीर केलं. लॉस एंजलिसची बाजारपेठ गेली म्हणजे टीव्हीवाल्यांना विकायला मुख्य मालच उरला नाही. वर्षभर वाटाघाटी चालल्या, शेवटी हाती आला ॲपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव, ज्यात मोठा पैसा वर्गणीदार किती मिळतील यावर अवलंबून होता. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो बाहेर पडलं. ४ ऑगस्टला एका दिवसात ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये गेले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल यांना एसीसीनं घेतलं; अटलांटिक किनाऱ्याच्या नावाची कॉन्फरन्स आणि पॅसिफिक किनाऱ्यावरची विद्यापीठं. त्यांनाही पूर्ण वाटा नाही, पहिली सात वर्षं सुमारे तीस टक्केच. त्यांच्याबरोबर आलेल्या एसएमयूनं तर नऊ वर्षं टीव्हीचा पैसा घेणार नाही असं लिहून दिलं. देणगीदार श्रीमंत असले की असा सौदा करता येतो. ओरेगन स्टेटच्या कोर्व्हॅलिस गावाला तो परवडत नाही.

मागे राहिलेल्या दोघांनी दोन गोष्टी बरोबर केल्या. एक, ताबडतोब कोर्टात गेले. जो सदस्य सोडून चालला आहे त्याला संचालक मंडळात मत असू नये, हा मुद्दा वॉशिंग्टन राज्याच्या न्यायालयात टिकला, आणि कॉन्फरन्सचा ताबा व शिल्लक मालमत्ता या दोघांकडे आली. दोन, एनसीएएचा नियम वाचला. एफबीएस कॉन्फरन्सला आठ सदस्य लागतात, पण संख्या घटली तर दोन वर्षांची सवलत असते. त्या दोन वर्षांत सामने कुठून आणायचे? माउंटन वेस्ट या कॉन्फरन्सशी करार केला: २०२४ च्या हंगामात प्रत्येकी सहा सामने, किंमत १ कोटी ४० लाख डॉलर.

त्या करारात माउंटन वेस्टनं एक कलम घातलं होतं. आमचा सदस्य फोडलात तर पहिल्यासाठी १ कोटी डॉलर, पुढच्या प्रत्येकासाठी ५ लाख जास्त. सप्टेंबर २०२४ मध्ये पॅक-१२ नं नेमकं तेच केलं: बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, आणि मागाहून युटा स्टेट. पाच जणांची गोळाबेरीज ५ कोटी ५० लाख डॉलर. हे कलमच बेकायदा आहे म्हणून पॅक-१२ कोर्टात गेली. आदल्या वर्षी ज्यांच्यावर अन्याय झाला होता त्यांनीच आता शेजाऱ्याचं घर फोडलं, आणि त्यांना दोष देणंही कठीण, कारण आठचा आकडा गाठला नसता तर कॉन्फरन्स संपली असती. आठवं फुटबॉल विद्यापीठ टेक्सास स्टेट. त्याची सन बेल्टमधली जागा लुइझियाना टेकनं घेतली, म्हणजे कॉन्फरन्स यूएसए पुन्हा एकानं उणी. माउंटन वेस्टनं आपला आकडा राखण्यासाठी तिथून यूटेप नेलं आणि मॅकमधून (मिड-अमेरिकन कॉन्फरन्स) नॉर्दर्न इलिनॉय. एअर फोर्स आणि यूएनएलव्ही निघून जाऊ नयेत म्हणून येणाऱ्या दंडाच्या पैशातला प्रत्येकी साडेचोवीस टक्के वाटा त्यांना देऊ केला. नेवाडा, न्यू मेक्सिको, वायोमिंग आणि सॅन होजे स्टेट यांना साडेअकरा, हवाईला पाच. सॅन होजे स्टेट हे नाव आपल्याकडे बऱ्याच घरांत माहीत असतं. त्याची किंमत कॉन्फरन्सच्या बाजारात काय, ते या आकड्यांत लिहिलेलं आहे.

लहान विद्यापीठाचा गल्ला

कमाईच्या बाजूला चार-पाच ओळीच असतात.

टीव्हीचा वाटा वरच्या आणि खालच्या कॉन्फरन्समध्ये इतका वेगळा आहे की तुलना करणंच विनोदी. बिग १२ चा नवा करार प्रत्येक सदस्याला वर्षाला सरासरी ३ कोटी १७ लाख डॉलर देतो, आणि बिग टेन व एसईसी त्याच्याही वर आहेत. मॅकमध्ये हा आकडा १० लाखांपर्यंतही पोचत नाही. बफलो विद्यापीठ मॅकमध्ये आहे. या कॉन्फरन्सनं टीव्हीवर दिसण्यासाठी नोव्हेंबरातले सामने मंगळवार-बुधवारी रात्री ठेवले, कारण शनिवारी मोठ्यांपुढे कोणी पाहणार नाही. ठाण्यात बसून पाहायचं तर तिकडचे संध्याकाळचे सात म्हणजे इकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेपाच, लोकल पकडायच्या आधी निम्मा सामना होतो. पण कामाच्या दिवशी, गोठवणाऱ्या थंडीत, विद्यार्थ्यांची सकाळची लेक्चरं असताना स्टँड रिकामे राहतात. टीव्हीचे पैसे येतात, तिकिटाचे जातात. पश्चिम किनाऱ्यावरचे उशिराचे सामने, जे आपल्याला रविवारी सकाळी आठच्या सुमारास दिसतात, त्यांना भाव असण्याचं कारणही हेच: त्या वेळी दाखवायला दुसरं काही नसतं.

दुसरी ओळ गॅरंटी गेम. मोठं विद्यापीठ लहानाला आपल्या मैदानावर बोलावतं, परतीचा सामना नाही, त्याबदल्यात रोख. हल्ली एफबीएसमधल्या लहान संघाला एका सामन्याचे १२ ते १९ लाख डॉलर मिळतात. एफसीएसवाल्यांना काही लाख. बोलावणाऱ्याला सोपा विजय हवा असतो, आणि कधीकधी तो फसतो. १० सप्टेंबर २०२२ या एकाच दिवशी मार्शलनं नोटर डेमला, ॲपलेशियन स्टेटनं टेक्सास ए अँड एमला आणि जॉर्जिया सदर्ननं नेब्रास्काला त्यांच्याच मैदानावर हरवलं, आणि वर अनुक्रमे साडेबारा, पंधरा आणि सव्वाचौदा लाख डॉलरचा चेक घेऊन परतले. दुसऱ्या दिवशी नेब्रास्काच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयनं नोटर डेमला १६-१४ हरवलं तेव्हा चेक १४ लाखांचा होता, आपल्या हिशेबात सुमारे बारा कोटी रुपये.

ही ओळ आता धोक्यात आहे, आणि आमच्या मते लहानांना बसणारा हा सगळ्यात दुर्लक्षित फटका. हंगामात बारा सामने. कॉन्फरन्स १६-१८ सदस्यांची झाली की आपसातले सामने आठवरून नऊ होतात. एसईसी २०२६ पासून नऊ खेळणार आहे. त्यातच एसईसीनं दहावा सामना एखाद्या बलाढ्य संघाशी हवाच, असा नियम केला. उरले दोन. पूर्वी जिथे एक मोठं विद्यापीठ तीन लहानांना चेक देत होतं तिथे आता दोघांना देईल. लहान विद्यापीठाच्या ॲथलेटिक डायरेक्टरनं असे करार सहा-सात वर्षं पुढचे केलेले असतात. ते करताना पाहायचं ते रद्द करण्याचं कलम: कॉन्फरन्सच्या वेळापत्रकात बदल झाला तर मोठ्याला विनादंड करार मोडता येतो का? तसं असेल तर तो चेक गृहीत धरू नये. दुसरी चूक म्हणजे एका हंगामात असे तीन सामने घेणं. पैसा येतो, पण सप्टेंबर संपेपर्यंत तीन पराभव आणि निम्मे लाइनमन जायबंदी. बोल गेमसाठी, म्हणजे हंगामानंतरच्या खास सामन्यासाठी, सहा विजय लागतात, ते मग उरलेल्या नऊ सामन्यांतून काढायचे.

तिसरी ओळ प्लेऑफचा, म्हणजे हंगामाअखेर राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीचा वाटा. २०२६ पासूनचा ईएसपीएनचा करार सहा वर्षांचा, एकूण ७८० कोटी डॉलर. यातला सुमारे ५८ टक्के भाग बिग टेन आणि एसईसी या दोघांचा. खालच्या सगळ्या कॉन्फरन्सना मिळून नऊ टक्क्यांच्या आसपास. वरच्या दोन कॉन्फरन्समधल्या विद्यापीठाला वर्षाला २ कोटींच्या वर, खालच्यांना २० लाखांच्या आत. मैदानात दार बंद नाही हे मान्य करायला हवं: २०२४ मध्ये बॉइझी स्टेट तिसरं मानांकन घेऊन आलं, २०२५ मध्ये टुलेन आणि जेम्स मॅडिसन दोघंही प्लेऑफच्या बारा संघांत होते. दार उघडं आहे, पण आत जाण्यासाठी लागणारे खेळाडू आणि प्रशिक्षक टिकत नाहीत. जेम्स मॅडिसनचे कर्ट सिग्नेटी २०२३ च्या शेवटी इंडियानाला गेले, बरोबर डझनभर खेळाडू गेले, आणि २०२५ च्या हंगामात इंडियाना राष्ट्रीय विजेतं झालं. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक जॉन मटीर २०२४ नंतर ओक्लाहोमाला गेला, प्रशिक्षक जेक डिकर्ट वेक फॉरेस्टला. ट्रान्स्फर पोर्टलमुळे खेळाडूला आता वर्ष वाया न घालवता संघ बदलता येतो. खेळाडूच्या बाजूनं हे न्यायाचंच आहे. घडवणाऱ्या विद्यापीठाला मात्र यातून काही मिळत नाही. जगभरच्या सॉकर क्लबांना निदान ट्रान्स्फर फी मिळते.

चौथी ओळ तिकीट आणि देणग्या. ती संघ जिंकतो की नाही आणि पाहुणा कोण यावर हलते. जुना शेजारी प्रतिस्पर्धी गेला की त्याच्याबरोबर येणारी हजारो माणसंही जातात.

या सगळ्यातून जी तूट राहते ती पाचवी ओळ भरते: विद्यापीठाची मदत आणि विद्यार्थ्यांची फी.

खर्चाच्या बाजूला सगळ्यात आधी प्रवास वाढतो. फुटबॉलचे परगावचे सामने सहाच, चार्टर विमान करावं लागतं पण मोजता येतं. खरी झळ व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस, बेसबॉल यांना. त्यांचे सामने आठवड्याला दोन-तीन, प्रवास साध्या विमानानं, मध्ये एक बदली, आणि मुलांची लेक्चरं बुडतात. पूर्वी बसनं रात्रीत परत येता येई. नॉर्दर्न इलिनॉयनं यावर शहाणा तोडगा काढला: फुटबॉल तेवढं माउंटन वेस्टमध्ये, बाकीचे खेळ जवळच्या हॉरायझन लीगमध्ये. ओरेगन स्टेटचा बेसबॉल संघ २०२५ मध्ये कॉन्फरन्सशिवाय खेळला, आणि तरी ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सीरिजपर्यंत पोचला. सगळ्यांना हे जमत नाही. वॉशिंग्टन स्टेटनं जून २०२५ मध्ये ॲथलेटिक्समधल्या फेकीच्या आणि उडीच्या स्पर्धा बंद केल्या, धावपटूंतही भर लांब पल्ल्यावर ठेवला. फुटबॉलच्या टीव्ही करारात भालाफेकवाल्याचा काही संबंध नव्हता.

त्यावर आला खेळाडूंच्या मोबदल्यावरून चाललेल्या हाउस खटल्याचा समझोता, ६ जून २०२५ ला मंजूर झालेला. आता विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षाची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. ज्याला टीव्हीचे १० लाखही मिळत नाहीत तो हे कुठून देणार? शिवाय जुन्या खेळाडूंची भरपाई सुमारे २८० कोटी डॉलर, दहा वर्षांत. ती एनसीएए आपल्या गंगाजळीतून आणि कॉन्फरन्सना दर वर्षी वाटायच्या पैशात कपात करून देते. कपात डिव्हिजन वनमधल्या सगळ्यांनाच, अगदी फुटबॉल नसलेल्यांनाही. भरपाईचा मोठा भाग मात्र बलाढ्य कॉन्फरन्समधल्या फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळाडूंना.

मग कोणी खाली का उतरत नाही? आयडाहो उतरलं. वेस्टर्न ॲथलेटिकनं २०१२ नंतर फुटबॉल सोडलं तेव्हा ते उघड्यावर पडलं, मग सन बेल्टनं फुटबॉलपुरतं घेतलं, म्हणजे वायव्येकडच्या संघानं जॉर्जिया आणि कॅरोलिनात जाऊन खेळायचं. सन बेल्टनं करार वाढवला नाही आणि २०१८ पासून ते एफसीएसच्या बिग स्कायमध्ये परतलं, मोंटाना, ईस्टर्न वॉशिंग्टन अशा जुन्या शेजाऱ्यांबरोबर. माजी विद्यार्थी संतापले होते. पण तिथे ते नियमित प्लेऑफ खेळू लागलं. आयडाहोचं मॉस्को आणि वॉशिंग्टन स्टेटचं पुलमन यांत जेमतेम १३ किलोमीटर अंतर आहे. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिसनं तर मार्च २०२५ मध्ये बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्यावर आठवड्याभरात सगळ्यात खालच्या डिव्हिजन थ्रीत जायचं जाहीर केलं.

वर चढणाऱ्यांची रांग तरीही संपत नाही. एफसीएसमधून एफबीएसमध्ये येण्याची एनसीएएची फी २०२३ मध्ये ५ हजार डॉलरवरून थेट ५० लाख झाली. वर दोन वर्षांचा संक्रमणकाळ, त्यात बोल गेमचा हक्क नाही. २०२३ मध्ये जेम्स मॅडिसननं बारांपैकी अकरा जिंकले आणि तरी बोल मिळाला तो पात्र संघ कमी पडले म्हणून. व्हर्जिनियानं २०१५ मध्ये कायदा करून फी व विद्यापीठाची मदत यांचा खेळांच्या उत्पन्नातला वाटा बांधून दिला: बलाढ्य कॉन्फरन्समध्ये २० टक्के, इतर एफबीएसमध्ये ५५, एफसीएसमध्ये ७०. वर चढलं की फीवर टेकायची मुभा ७० वरून ५५ वर येते, म्हणून जेम्स मॅडिसनला राज्याची परवानगी घ्यावी लागली. इतर राज्यांनी हा कायदा उचलावा असं वाटतं.

बिलातली ओळ तपासायची तर

आधी विद्यापीठ फुटबॉल खेळतं का ते पाहा. यूटी डॅलसकडे संघ नाही, यूटी आर्लिंग्टननं १९८५ मध्ये बंद केला. शार्लटनं २०१३ मध्ये सुरू केला आणि दहा वर्षांत दोन कॉन्फरन्स बदलल्या.

मग विद्यापीठाच्या बर्सर किंवा स्टुडंट अकाउंट्सच्या पानावर ‘मँडेटरी फीज’ची फोड शोधा. काही ठिकाणी ॲथलेटिक्स फी वेगळी असते, काही ठिकाणी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह फी’च्या पोटात. ती क्रेडिटवर आहे की सेमिस्टरला ठोक, हेही बघा. नऊ क्रेडिट घेणाऱ्या एमएसच्या विद्यार्थ्याला यानं फरक पडतो. रिक्रिएशन सेंटरची फी वेगळी असते, दोन्हींत गल्लत नको.

सरकारी विद्यापीठ असेल तर नाइट-न्यूहाउस डेटाबेसमध्ये वर्षवार आकडे मिळतात. त्यात ‘स्टुडंट फीज’ आणि ‘इन्स्टिट्यूशनल सपोर्ट’ या दोन रकमांची बेरीज करून एकूण उत्पन्नानं भागा. निम्म्याच्या वर आलं तर कॉन्फरन्स बदलण्याची पुढची बातमी तुमच्या बिलापर्यंत येऊ शकते. खासगी विद्यापीठं तिथे सापडत नाहीत. त्यांच्यासाठी अमेरिकी शिक्षण खात्याचं ‘इक्विटी इन ॲथलेटिक्स’चं संकेतस्थळ. तिथे एक मेख आहे: विद्यापीठानं घातलेला पैसाही उत्पन्नातच धरतात. उत्पन्न आणि खर्च डॉलरपर्यंत तंतोतंत जुळत असतील तर समजावं की तूट आतून भरून काढली आहे.

शेवटी असिस्टंटशिप. ट्यूशन माफ झाली तरी बहुतेक ठिकाणी मँडेटरी फी भरावीच लागते, आणि ॲथलेटिक्सची ओळ नको म्हणून वगळता येत नाही. ऑफर लेटरमध्ये ‘ट्यूशन वेव्हर’ लिहिलं आहे की ‘ट्यूशन अँड फीज’, ते आय-२० साठी बँकेचे कागद जमवण्याआधी ग्रॅज्युएट ऑफिसला ईमेल करून विचारावं. फीची ओळ भरल्यावर घरच्या सामन्यांचं तिकीट बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, ते मात्र आयडी कार्डवर आधी नोंदवावं लागतं.